अँप्लिफायर व टॉवर स्पीकर : जोडी कशी जमवावी?

दिवाळी व नाताळ जवळ आला, म्हणजे आमच्याकडे पालकांचा एक प्रश्न हटकून येतो. घरीं अँप्लिफायर आहे. त्यास जोडण्यासाठीं जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर, ज्यांस बाजारांत 'टॉवर' म्हणतात, ते घ्यावयाचे आहेत. तर कोणते घ्यावे? आम्ही शाळेंत पदार्थविज्ञान शिकवितों व प्रार्थनेच्या वेळचें ध्वनियंत्रही आमच्याच ताब्यांत असतें. तेव्हां उत्तर आम्हांस ठाऊक असणारच, असें त्यांस वाटतें. वास्तविक या विषयाचा खरा धडा आम्हांस एका विद्यार्थ्याकडून मिळाला, आणि तोही आम्हीं त्याच्यावर अन्याय केल्यानंतर. म्हणून प्रथम ती हकीकत सांगून मग विषयाकडे वळूं.

कांहीं वर्षांपूर्वीं नाताळच्या कार्यक्रमांत सभागृहांत गीतें लावावयाचीं होतीं. शाळेचें यंत्र दुरुस्तीस गेलें होतें, म्हणून आम्हीं आपल्या घरचा अँप्लिफायर नेला. तो दर बाजूस ३० वॉट शक्तीचा होता. एका पालकांनीं मोठ्या मनानें आपले दोन टॉवर स्पीकर दिले. त्यांच्या पाठीवर '१५० वॉट' असें छापलेलें होतें. आवाजाचें बटन सांभाळण्यास इयत्ता नववींतील एक विद्यार्थी बसविला व त्यास आम्हीं सांगितलें, "स्पीकर १५० वॉट सोसतो, आपला अँप्लिफायर ३०च देतो. तूं निर्धास्तपणें बटन फिरव." सभागृह भरलें, गलबला वाढला, मागच्या रांगांतून 'ऐकूं येत नाहीं' अशा खुणा होऊं लागल्या, आणि त्या मुलानें सांगितल्याप्रमाणें बटन फिरविलें. तिसऱ्या गीताच्या मध्यावर आवाज करकरला आणि मग गाणें जणूं गोधडीखालून येऊं लागलें. दोन्ही स्पीकरांचे ट्वीटर जळले होते. आम्हीं सर्वांदेखत त्या मुलास निष्काळजी म्हटलें. तो उलट बोलला नाहीं. सामान आवरतांना त्यानें एवढेंच विचारलें, "सर, तीस वॉटांनीं दीडशें वॉटांचा स्पीकर कसा जळला?" आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. तें उत्तर शोधतांना जें समजलें, तेंच येथें क्रमानें मांडीत आहों. कारण त्या एका प्रश्नाच्या उत्तरांतच पालकांच्या प्रश्नाचेंही उत्तर आहे.

प्रथम स्पीकर म्हणजे काय, हें पाहूं. आज घरोघरीं दिसणाऱ्या स्पीकरचें मूळ रूप अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनीं १९२५ सालीं एका निबंधांत मांडलें. बळकट लोहचुंबकाच्या फटींत तारेचें एक हलकें वेटोळें असतें, आणि त्यास कागदाचा किंवा तशाच हलक्या पदार्थाचा शंकूच्या आकाराचा पडदा जोडलेला असतो. वेटोळ्यांतून गाण्याच्या लाटेप्रमाणें कमीअधिक होणारी वीज वाहूं लागली, कीं तें मागेंपुढें हलतें. त्याबरोबर पडदा हलतो, पडदा हवेस ढकलतो, आणि तो धक्का आपल्या कानीं आवाज म्हणून येतो. शंभर वर्षांत सामग्री पुष्कळ सुधारली. तत्त्व तेंच राहिलें आहे.

एकाच पडद्याकडून सर्व स्वर नीट निघत नाहींत. खर्जाच्या स्वरांस पुष्कळ हवा हलवावी लागते, म्हणून त्यांस मोठा पडदा लागतो. तो वूफर होय. तीव्र स्वरांस अत्यंत चपळ व हलका पडदा लागतो. तो सुमारें रुपयाच्या नाण्याएवढा घुमट म्हणजे ट्वीटर होय. पेटीच्या आंत क्रॉसओव्हर नांवाचें मंडल असतें. तें द्वारपाळाप्रमाणें खर्ज वूफरकडे व तीव्र स्वर ट्वीटरकडे पाठवितें. ट्वीटरच्या वेटोळ्याची तार केसासारखी बारीक असते, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी; तिचें काम पुढें पडेल.

आतां स्पीकर उंच कां असतो? मंडळींतील खालच्या पट्टींत गाणाऱ्या पुरुषाचा स्वर सुमारें ८० हर्ट्झपर्यंत उतरतो. बास गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झची असते. चर्चमधील मोठ्या ऑर्गनची सोळा फुटी नळी तर ३३ हर्ट्झच्या आसपास घुमते. असे स्वर खरेपणानें निघावे, तर पेटीच्या पोटांत जागा हवी. स्पीकर बनविणारास तीन गोष्टी हव्या असतात: खोल खर्ज, लहान पेटी, आणि थोड्या विजेंत मोठा आवाज. निसर्ग यांपैकीं कोणत्याही दोनच पदरांत घालतो. तिसरीचा त्याग करावा लागतो. टॉवर स्पीकरनें लहान पेटीचा त्याग केलेला असतो. फळीवरील स्पीकर स्टँडवर ठेवला तर जितकी जमीन अडवितो, जवळजवळ तितक्याच जमिनींत हा मीटरभर उंच होऊन पोट वाढवितो. बहुतेक पेट्यांस पुढें किंवा मागें एक नळीही असते. बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली असतां ती जशी एका ठराविक स्वरांत घुमते, तशी ही नळी पेटींतील हवेच्या साह्यानें खर्जास जोर देते. या युक्तीचें पेटंट अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेचे आल्बर्ट थूरास यांस १९३२ सालीं मिळालें.

येथवर टॉवरचे गुण झाले. परंतु त्याच्या उंचीबरोबर एक अडचणही येते, आणि ती दुकानांत कोणी सांगत नाहीं. उंच पेटींत बहुधा एकाऐवजीं दोन वूफर बसविलेले असतात, आणि ते पुष्कळदां समांतर जोडणीनें जोडतात. इयत्ता दहावीच्या विद्यार्थ्यांस हें गणित मुखोद्गत असेल: ८ ओहमचे दोन रोध समांतर जोडले, तर एकत्रित रोध ४ ओहम होतो. म्हणजे टॉवर स्पीकर हा पुष्कळ वेळां अँप्लिफायरवर दुप्पट ओझें घालणारा असतो.

हें ओझें कसें पडतें, हें गच्चीवरील पाण्याच्या टाकीवरून समजेल. टाकीची उंची म्हणजे व्होल्टेज. नळांतून वाहणारें पाणी म्हणजे विद्युतधारा. आणि नळ किती आवळलेला आहे, तो म्हणजे रोध. नळ अधिक उघडला, म्हणजेच रोध कमी केला, तर पाणी अधिक वाहतें. पण टाकी लहान असेल तर ती लवकर रिती होते. जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग ओहम यांनीं १८२७ सालीं प्रसिद्ध केलेला नियम हेंच सांगतो. अँप्लिफायरनें २० व्होल्ट दिले व स्पीकर ८ ओहमचा असला, तर धारा अडीच अँपिअर व शक्ति ५० वॉट होते. तेच २० व्होल्ट ४ ओहमच्या स्पीकरास दिले, तर धारा ५ अँपिअर व शक्ति १०० वॉट होते. आंतील ट्रान्सफॉर्मर व ट्रान्झिस्टर यांना ही दुप्पट धारा देण्याची ताकद असेल तर उत्तम. नसेल तर अँप्लिफायर तापतो, आवाज फाटतो, आणि शेवटीं यंत्र स्वतःहून बंद पडतें किंवा जळतें.

स्पीकरच्या बाबतींत या रोधास इंपीडन्स म्हणतात, आणि तो एकच ठरलेला आकडा नसतो. स्वर बदलला कीं तो बदलतो. पाठीवर '८ ओहम' लिहिलेला स्पीकर एका स्वरास ३० ओहम, तर दुसऱ्यास ५ ओहम दाखवूं शकतो. छापलेला आकडा हें केवळ नांव होय. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणें खरा इंपीडन्स कोठेंही त्या नांवाच्या ८० टक्क्यांखालीं जाऊं नये. म्हणजे ८ ओहमचा स्पीकर ६.४च्या खालीं व ४ ओहमचा ३.२च्या खालीं उतरूं नये. सर्वच कारखानदार हा दंडक पाळीत नाहींत. यास्तव माहितीपत्रकांत 'किमान इंपीडन्स' दिला आहे कीं काय, हें पाहावें, आणि नसल्यास विचारावें. अँप्लिफायरच्या पाठीवर, जेथें तारा जोडतात तेथें, '४ ते १६ ओहम' किंवा '६ ते १६ ओहम' असें लिहिलेलें असतें. जेथें ६ लिहिलें आहे, तेथें ४ ओहमचा टॉवर जोडूं नये. कित्येक घरांत एका अँप्लिफायरास 'ए' व 'बी' अशा दोन जोड्या लावून दोन्ही एकदम चालवितात. तेव्हांही ओझें बहुधा दुप्पट होतें, हें विसरूं नये.

अँप्लिफायरची खरी ताकद ओळखण्याची एक सोपी खूण आहे. पत्रकांत ८ ओहमला ५० वॉट व ४ ओहमला ८० ते १०० वॉट असें दोन्ही दिलें असेल, तर त्याची टाकी मोठी आहे असें समजावें. ८ ओहमचा आकडा देऊन ४ ओहमविषयीं मौन धरलें असेल, तर त्या मौनाचा अर्थ ओळखावा.

दुसरा आकडा संवेदनशीलतेचा. ठराविक वीज दिली असतां स्पीकरपासून एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज होतो, तो हा आकडा. घरगुती टॉवरांत तो साधारणपणें ८५ ते ९२ असतो. ८४ आणि ९० यांत सहाचाच फरक, म्हणून पुष्कळजण तो क्षुल्लक समजतात. पण डेसिबल हें गुणाकाराचें माप आहे, बेरजेचें नव्हे. ३ डेसिबल वाढविण्यास दुप्पट शक्ति लागते, ६ वाढविण्यास चौपट, आणि १० वाढविण्यास दसपट. ९० डेसिबलचा स्पीकर २५ वॉटांत जेवढा आवाज देईल, तेवढ्यासाठीं ८४ डेसिबलच्या स्पीकरास १०० वॉट लागतील. आणि कानास तर १० डेसिबलची वाढ सुमारें दुप्पटच वाटते. यावरून पालकांनीं एक गोष्ट समजून घ्यावी: ३० वॉटांचा अँप्लिफायर विकून ६० वॉटांचा घेतला, तर आवाजांत केवळ ३ डेसिबलांची भर पडते, तो खर्च करण्यापेक्षां अधिक संवेदनशील स्पीकर निवडणें पुष्कळदां स्वस्त पडतें.

येथें एका लबाडीविषयीं सावध करतों. संवेदनशीलता कित्येक पत्रकांत १ वॉटावर नव्हे, तर २.८३ व्होल्टांवर दिलेली असते. ८ ओहमच्या स्पीकरास २.८३ व्होल्ट म्हणजे बरोबर १ वॉट. पण ४ ओहमच्या स्पीकरास ते २ वॉट होतात. म्हणजे ४ ओहमचा स्पीकर दुप्पट अन्न खाऊन ३ डेसिबल अधिक बलवान दिसतो. तुलना करतांना त्याच्या आकड्यांतून ३ वजा करावे.

आतां घरास शक्ति किती लागते, याचा हिशेब करूं. समजा, स्पीकर ८७ डेसिबलचे आहेत व आपण तीन मीटरांवर बसलों आहों. मोकळ्या जागीं अंतर दुप्पट झालें, कीं आवाज ६ डेसिबल घटतो. तीन मीटरांवर तो सुमारें साडेनऊनें घटेल. स्पीकर दोन आहेत, म्हणून सुमारें ३ परत मिळतील. भिंतींचा प्रतिध्वनि सोडून दिला, तरी दर स्पीकरास १ वॉट देऊन आपल्या कानाशीं ८० डेसिबल पडतात, आणि बैठकीच्या खोलींत एवढा आवाज मोठाच म्हणावा लागेल! मग ५० किंवा १०० वॉट कशास? कारण संगीत एकाच पातळीवर चालत नाहीं. तबल्याची थाप, मृदंगाचा घुमार, मंडळीनें एकदम उचललेलें धृपद, हे क्षण सरासरीहून १५ ते २० डेसिबल वर उसळतात. सरासरीस १ वॉट लागत असेल, तर १८ डेसिबलांच्या उसळीस ६४ वॉट लागतात; मात्र ते क्षणभरच. अँप्लिफायरची जादा शक्ति ही सदैव मोठ्यानें वाजविण्यासाठीं नसून, घरांत अडीअडचणीस ठेवलेल्या शिलकीसारखी असते. रोज ती लागत नाहीं. पण ज्या क्षणीं लागते, त्या क्षणीं नसली तर घात होतो.

आणि येथेंच त्या मुलाच्या प्रश्नाचें उत्तर आहे. अँप्लिफायरकडे व्होल्टेजची एक उंची असते. तिच्यापलीकडे तो जाऊं शकत नाहीं. बटन त्यापुढें फिरविलें, म्हणजे लाटेचे गोल शेंडे वर मावत नाहींत आणि ते कोयत्यानें छाटल्यासारखे सपाट होतात. याचे दोन परिणाम होतात. एक असा, कीं सपाट लाटेंत गोल लाटेपेक्षां अधिक शक्ति भरते. पूर्ण सपाट झालेली लाट त्याच उंचीच्या गोल लाटेच्या दुप्पट शक्ति देते. म्हणजे ३० वॉटांचा अँप्लिफायर अशा वेळीं ६० वॉटांच्या जवळपास पोहोंचूं शकतो. दुसरा परिणाम अधिक घातक. संगीताची बहुतेक शक्ति खर्जांत असते, आणि तीव्र स्वरांत तिचा लहानसा अंश असतो. स्पीकरच्या पाठीवरील १५० वॉट हे सर्व स्वर मिळून, आणि तेही स्वच्छ संगीताचे, असतात. ट्वीटरची बारीक तार एकटी थोडेच वॉट सतत सोसूं शकते. लाट छाटली गेल्यावर खर्ज वाढण्याचा थांबतो, पण बटन फिरतच राहिल्यानें तीव्र स्वर वाढतच जातात. शिवाय छाटलेल्या कडांतून मूळ गाण्यांत नसलेले नवे तीव्र स्वर उत्पन्न होतात. क्रॉसओव्हर बिचारा आपलें काम चोख करतो व तें सर्व ट्वीटरकडे पाठवितो. तार तापते, आणि वितळते.

सभागृहांत हें लवकर कां झालें, तेंही सांगावयास हवें. घरीं आम्ही तीन मीटरांवर बसून ऐकत असूं. सभागृहांत मागची रांग बारा मीटरांवर होती. अंतर चौपट झालें, म्हणजे मोकळ्या जागेच्या हिशेबानें सोळापट शक्ति हवी. भिंती थोडा आवाज परत देतात हें खरें. पण दाटीनें बसलेलीं माणसें तो शोषूनही घेतात. त्यांतून ते स्पीकर ४ ओहमचे होते, आणि आमचा अँप्लिफायर एवढें ओझें ओढण्यासारखा नव्हता. बैल व गाढव यांस एका नांगरास जुंपूं नये, असा निर्बंध मोशेच्या नियमशास्त्रांत आहे. आम्हीं तसेंच जुंपलें होतें, आणि नांगर धरणाऱ्या मुलास दोष दिला होता.

यावरून लहान अँप्लिफायरास मोठा स्पीकर जोडूंच नये, असें मात्र कोणी समजूं नये. १० वॉटांचा अँप्लिफायर संवेदनशील स्पीकरास जोडून बैठकींत बेतानें वाजविला, तर तो वर्षानुवर्षें सुरक्षित चालतो. तसाच २०० वॉटांचा अँप्लिफायर १०० वॉटांच्या स्पीकरास स्वच्छ आवाजांत चालवूं शकतो. आवाज करकरूं लागला, कीं बटन तत्काळ मागें घ्यावें. ती करकर म्हणजे यंत्राची आर्त हाक होय. हा एक नियम घरांतील प्रत्येक मुलास शिकविला, तर पुष्कळ ट्वीटर वांचतील.

अँप्लिफायरवर छापलेल्या वॉटांवरही डोळे मिटून विश्वास ठेवूं नये. आपल्या देशांत लहानशा कॅसेट यंत्रावर 'पी. एम. पी. ओ.' अशीं अक्षरें घालून हजारों वॉट छापण्याची चाल होती. त्या आकड्यांस शास्त्रांत कांहींच आधार नाहीं. अमेरिकेंत अशाच अतिशयोक्तीमुळें १९७४ सालीं सरकारास घरगुती अँप्लिफायरच्या शक्तीच्या जाहिरातींसाठीं नियम करावा लागला. वाचकांनीं पत्रकांत चार गोष्टी पाहाव्या: आकडा सतत शक्तीचा आहे काय, किती ओहमला आहे, दोन्ही बाजू एकदम चालत असतांना मोजला आहे काय, आणि २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत, अत्यल्प विकृतीसह मोजला आहे काय. पांच-सात स्पीकर चालविणाऱ्या चित्रपटी यंत्रांत पुष्कळदां एकच बाजू चालवून, एकाच स्वरावर, विकृति १ किंवा १० टक्के होईपर्यंत ताणून आकडा मिळविलेला असतो. तो खोटा नसतो. पण आपल्या उपयोगाचा नसतो.

जोडींत तिसरा भागीदारही असतो, तो म्हणजे खोली. आपल्याकडील पुष्कळ घरांत बैठकीची खोली १० फूट रुंद व १२ फूट लांब असते. बारा फुटांच्या दोन भिंतींमध्यें सुमारें ४७ हर्ट्झची अर्धी लाट बरोबर मावते, आणि त्या स्वरास ती खोली स्वतःच घुमूं लागते. ज्या खोल खर्जासाठीं टॉवर घेतला, तोच खर्ज अशा खोलींत गढूळ होतो. शब्द बुडतात, ढोल मात्र उरतो. भिंती सिमेंटच्या, जमीन फरशीची, पडदे पातळ, असें असेल तर वरचे स्वरही कर्कश होतात. टॉवर भिंतीपासून दीड-दोन फूट पुढें असावा, कोपऱ्यांत नसावा. दोन स्पीकर व ऐकणारा यांचा सुमारें समभुज त्रिकोण व्हावा. एवढी जागा नसेल, तर टॉवरचा आग्रह सोडून फळीवरील चांगले स्पीकर स्टँडवर ठेवावे. त्यांत कमीपणा मुळींच नाहीं. शेजाऱ्याच्या बैठकींत उंच स्पीकर आहेत, हें आपल्या बैठकींत ते घेण्याचें कारण होऊं शकत नाहीं. जाड पडदा, सतरंजी व पुस्तकांचें कपाट हीं प्रतिध्वनि शोषण्याचीं स्वस्त साधनें आहेत; त्यांपैकीं शेवटचें आम्ही विशेषेंकरून सुचवितों.

तारेविषयीं थोडक्यांत. महागड्या तारांच्या मोहांत पडूं नये. घरांतील विजेच्या कामांत वापरतात ती २.५ चौरस मिलिमीटरची लवचीक तांब्याची तार पांच मीटर अंतरास पुरेशी आहे. जाण्यायेण्याचे दहा मीटर धरून तिचा रोध ०.०७ ओहमच्या आसपास भरतो, आणि ४ ओहमच्या मानानें तो नगण्य आहे. मात्र तांबड्यास तांबडें व काळ्यास काळें जोडण्यास चुकूं नये. एका स्पीकरची जोडणी उलटी झाली, तर एक पडदा पुढें येतांना दुसरा मागें जातो, आणि खर्ज हवेंतल्या हवेंत मरतो. 'नवे टॉवर आणले, पण जोरच नाहीं' या तक्रारीचें मूळ पुष्कळदां एवढेंच असतें.

आतां एक उदाहरण पुरतें करून दाखवितों. अँप्लिफायर ८ ओहमला ५० व ४ ओहमला ८० वॉट देतो. खोली १२ फूट रुंद व १५ फूट लांब आहे. ऐकणारे तीन मीटरांवर बसतात. यास ६ किंवा ८ ओहम नांवाचा, किमान इंपीडन्स ४च्या खालीं न जाणारा, व १ वॉटावर ८७ किंवा अधिक डेसिबल देणारा टॉवर योग्य होय. ५० वॉट म्हणजे १ वॉटाहून सुमारें १७ डेसिबल अधिक. म्हणजे ८० डेसिबलांपासून ९७पर्यंत उसळी घेण्यास जागा आहे. हाच अँप्लिफायर असून कोणी ८३ डेसिबलचा व ३ ओहमपर्यंत उतरणारा टॉवर सुचविला, तर तो कितीही सुंदर दिसो, त्याबरोबर नव्या अँप्लिफायरची किंमतही धरावी. बुरूज बांधणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा अंदाज करावा, हा दाखला आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊकच आहे; ज्या पेटीस बाजारानें बुरुजाचेंच नांव दिलें, तिला तो किती तंतोतंत लागू पडतो!

गणित जुळलें, म्हणजे कानानें परीक्षा घ्यावी. शक्य तर आपलाच अँप्लिफायर दुकानांत न्यावा. रोज ऐकण्यांतलें एखादें गीत, ज्यांत एकट्या माणसाचा आवाज आहे असें, न्यावें. कारण माणसाचा आवाज आपला कान जन्मापासून ओळखतो व त्यांतील खोट लगेच पकडतो. दोन स्पीकरांची तुलना करतांना दोहोंचा आवाज सारखा ठेवावा. किंचित् मोठा वाजणारा स्पीकर नेहमीं अधिक गोड वाटतो, आणि विक्रेत्यास हें आपल्यापेक्षां चांगलें ठाऊक असतें.

शेवटीं कान व शेजारी यांविषयीं. कामाच्या ठिकाणीं ८५ डेसिबलचा आवाज दिवसास आठ तासांहून अधिक सोसूं नये, आणि दर ३ डेसिबलांस ती मुदत निम्मी करावी, अशी शिफारस अमेरिकेंतील कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेची आहे. आपल्या देशांत २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें निवासी भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे दहापासून सहापर्यंत. खर्ज भिंतींतून सहज पलीकडे जातो. पलीकडे कोणी आजारी असेल, कोणी परीक्षेचा अभ्यास करीत असेल. त्यांचा विचार पत्रकांत छापलेला नसतो, तो आपणच करावयाचा असतो.

त्या नाताळच्या रात्रीं आम्हीं दोन्ही यंत्रांचीं पत्रकें समोर ठेवून वरील हिशेब प्रथमच केला. शाळा उघडली त्या दिवशीं, ज्या मुलांदेखत त्या विद्यार्थ्यास दोष दिला होता, त्यांच्याच देखत आम्हीं त्याची क्षमा मागितली व त्याचा प्रश्न फळ्यावर लिहून सोडविला. नव्या ट्वीटरांचे पैसे आम्हीं दिले. वर्षांतून एकदां तो तास आम्ही अजूनही त्याच प्रश्नानें घेतों. पालकांपैकीं कोणास स्पीकर घ्यावयाचे असल्यास त्यांनीं खरेदीपूर्वीं आपल्या अँप्लिफायरचें पत्रक व खोलीचें माप पाल्याबरोबर शाळेंत पाठवावें. नववी-दहावीचे विद्यार्थी हिशेब करून देतील. आम्ही तो तपासून देऊं.